सत्य, तर्क, राज्य आणि कायदा : बडोद्यातील मराठी तत्त्वचर्चेच्या बैठकीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या बैठकीत चार वेगळे विषय एकत्र का घेतले जातात?

कारण ते प्रत्यक्षात वेगळे राहत नाहीत. जगात खरोखर काय घडले, ते आपल्याला कशावरून कळते, त्याबद्दलचा निर्णय कोणी करायचा आणि तो इतरांनी का मानायचा, हे चार प्रश्न विद्यापीठात चार विभागांत शिकवले जात असले, तरी साधा वाटणीचा दावा घेतला तरी त्यात चारही एकामागून एक उभे राहतात. रावपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याची तोंडी वाटणी झाली होती का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. घरातल्या सर्वांत वयस्कर आत्याची आठवण त्यासाठी पुरेशी आहे का, हा ज्ञानाचा प्रश्न. भावांनी आपसात मिटवायचे की न्यायाधीशांनी, हा सत्तेचा प्रश्न. आणि निकाल विरुद्ध गेला तरी घर रिकामे का करायचे, हा कायद्याच्या बंधनाचा प्रश्न. आमचा अनुभव असा की बहुतेक वाद या चारांपैकी एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या जागी ठेवल्यामुळे चिघळतात. ही अदलाबदल ओळखणे एवढाच या बैठकीचा मर्यादित हेतू आहे.

मल्हारराव गायकवाडांचा १८७५ चा खटला प्रत्येक चर्चेत का निघतो?

तो याच शहरात चालला आणि वर म्हटलेली अदलाबदल त्यात जितकी उघड दिसते तितकी क्वचितच दिसते, म्हणून. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे संस्थानात नेमलेले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी सकाळी फेरफटका मारून आल्यावर पपनसाच्या सरबताचे एकदोन घोट घेतले, बरे वाटेना म्हणून उरलेले फेकून दिले आणि पेल्याच्या तळाशी गाळ पाहिला. त्या गाळात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड असल्याचे तपासणीनंतर सांगण्यात आले. संशय खुद्द महाराजांवर आला. जानेवारी १८७५ मध्ये त्यांना अटक झाली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा सदस्यांच्या आयोगापुढे चौकशी चालली. बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काऊच हे अध्यक्ष, मीड आणि मेल्विल हे आणखी दोन इंग्रज सदस्य, आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे सवाई रामसिंह व ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी सदस्य. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाईन हे नामांकित वकील आले होते.

निकाल तीन विरुद्ध तीन असा लागला. इंग्रज सदस्यांना आरोप शाबीत वाटला, हिंदी सदस्यांना तो शाबीत वाटला नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले, आणि ते करताना सरकारने विषप्रयोगाचा आधार न घेता घोर गैरकारभार व सुधारणा करण्यातील असमर्थता ही कारणे दिली. आता गैरकारभाराची वेगळी चौकशी आधीच होऊन गेली होती आणि तिच्यानंतर कारभार सुधारण्यासाठी महाराजांना १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत मिळालेली होती. म्हणजे ‘याने विष घातले का?’ हा प्रश्न अनिर्णित राहिल्यावर ‘हा राज्य करण्यास लायक आहे का?’ हा प्रश्न पुढे करण्यात आला, आणि त्याचे उत्तर मुदत संपण्याआधीच देण्यात आले. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे येथे कोणी म्हणत नाही. तो वाईटच होता. पण वाईट कारभाराचा निकाल देण्यासाठी विषाचा खटला भरवणे हे निकाल देणाऱ्यांनाही अवघडल्यासारखे झाले असावे, हे त्यांच्या जाहीरनाम्याच्या शब्दांवरून जाणवते.

पेल्यात विष कोणी घातले हे आता कोणालाच कळणार नाही. मग अशा ठिकाणी ‘सत्य’ नावाचे काही असते तरी का?

असते. न कळणे आणि नसणे यांत फरक आहे. त्या सकाळी कोणीतरी काहीतरी घातले किंवा कोणीच काही घातले नाही. यांपैकी एक गोष्ट घडली आणि दुसरी घडली नाही. मते तीन विरुद्ध तीन पडली म्हणून विष अर्धेच घातले गेले असे होत नाही. ‘प्रत्येकाचे सत्य वेगळे’ हे वाक्य बैठकीत वारंवार ऐकू येते, आणि बोलणाऱ्याला त्यातून बहुधा एवढेच म्हणायचे असते की प्रत्येकाची माहिती आणि बाजू वेगळी असते. तेवढे मान्य आहे. त्याहून अधिक म्हणायचे असेल, तर ते वाक्य स्वतःलाही लागू पडते आणि मग ते दुसऱ्याला पटवण्याचे कारणच उरत नाही.

येथे काही सभासद अद्वैताचा आधार घेतात आणि सगळेच माया असल्यामुळे खरे-खोटे शोधणे व्यर्थ आहे, असे सुचवतात. हा शांकरमताचा सोयीस्कर वापर आहे. त्या परंपरेत पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक असे सत्तेचे तीन स्तर मानले जातात, आणि व्यवहाराच्या स्तरावर प्रमाणे, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधने, पूर्णपणे चालू राहतात. दोरीवर साप भासला तो दिवा आणल्यावर जातो, दोरी मात्र जात नाही; आणि चूक ठरण्यासाठीसुद्धा काहीतरी बरोबर असावे लागते. न्यायालय, बाजार आणि इस्पितळ ही व्यवहाराच्या स्तरावर चालतात. तेथे परमार्थाचा स्तर मध्ये आणणारा माणूस साधारणतः स्वतःच्या जबाबदारीबद्दल बोलायचे टाळत असतो, असा आमचा रोखठोक अभिप्राय आहे.

एक शंका मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. बाह्य घटनेबद्दल एकच सत्य असले तरी हेतूबद्दल तसे नेहमी असते का? ‘या माणसाचा काटा निघाला तर बरे’ असे एखादा राजा त्राग्याने बोलला आणि ऐकणाऱ्याने तो हुकूम समजला, तर तो हुकूम होता की नव्हता? येथे आपली माहिती अपुरी आहे एवढेच नसून घटनाच अर्धवट घडलेली असू शकते. कायद्याला मात्र हो किंवा नाही असे एक उत्तर द्यावेच लागते.

राजेपण, पैसा, लग्न या गोष्टी तर केवळ मानण्यावर आहेत. त्यांना खऱ्या कसे म्हणायचे?

नदी कोणी मानली नाही तरी वाहते. रुपया कोणी मानला नाही तर तो धातू किंवा कागद उरतो. बडोदे संस्थानाचा स्वतःचा बाबाशाही रुपया होता आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो चलनातून गेला. नाण्यातली चांदी तशीच राहिली, तिचे रुपयापण गेले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटांचे असेच झाले, हे तर सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा या वस्तूंचे असणे मानण्यावर अवलंबून आहे हे खरे. पण कोणा एकाच्या मानण्यावर नाही. मी एकट्याने जुनी हजाराची नोट चालू मानली म्हणून दुकानदार ती घेणार नाही. या अर्थाने ती वस्तू माझ्यापुरती दगडाइतकीच कठीण असते.

राजेपणाची गोष्ट याहून बोधक आहे, आणि बडोदेकरांना ती घरची आहे. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, पण महाराजांचे पद, मान आणि तनखा उरला. स्वातंत्र्यानंतर संविधानाने ‘शासक’ कोण, याची व्याख्या राष्ट्रपतींच्या मान्यतेवर ठेवली. १९५१ मध्ये प्रतापसिंहराव गायकवाडांची मान्यता काढून घेण्यात आली आणि त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना ती देण्यात आली. वडील हयात होते, राजवाडा जागेवर होता, वंश तोच होता. मान्यता मात्र दुसरीकडे गेली. पुढे १९७० मध्ये सर्वच संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत अगदी थोडक्यात पडले, म्हणून सरकारने तेच काम राष्ट्रपतींच्या आदेशाने केले. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १५ डिसेंबर १९७० रोजी न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. अखेरीस १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता कायमची संपवली.

या प्रकरणात आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मधला टप्पा. मान्यता देणाऱ्याला ती कशीही काढून घेता येते, असे न्यायालयाने मानले नाही. मानण्यावर उभ्या असलेल्या वस्तूंनाही नियम असतात, आणि ते नियम मान्यता देणाऱ्याला बांधतात. असे नसते तर १८७५ मधील व्हाइसरॉय आणि १९७० मधील मंत्रिमंडळ यांत काही फरक उरला नसता.

तर्काने सगळे ठरवता येते का?

येत नाही, परंतु न ठरणाऱ्या गोष्टी कोणत्या, हे बरेचसे तर्कानेच ठरते. आपल्याकडील नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून कळणे) आणि शब्द (विश्वासू माणसाचे सांगणे) अशी चार प्रमाणे मानली. भाट्ट मीमांसकांनी अर्थापत्ती (एरवी उलगडा होत नाही म्हणून मानावी लागणारी गोष्ट) आणि अनुपलब्धी (न आढळण्यावरून नसणे कळणे) यांची भर घातली. चार्वाकांनी अनुमानावरच बोट ठेवले. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारी सोबत, आपण सर्व काळच्या सर्व धुरांसाठी कशी काय मान्य करतो, हा त्यांचा प्रश्न. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील तत्त्वज्ञ ह्यूमने कार्यकारणाबद्दल याच जातीचा प्रश्न विचारला आणि त्यालाही निर्विवाद उत्तर मिळाले नाही.

या विषयात बडोद्याचा एक मानाचा वाटा आहे, आणि तो शहरातल्या पुष्कळांना ठाऊक नसतो. जयराशी भट्ट या जुन्या संशयवादी पंडिताने प्रमाणांवर केलेला हल्ला चार्वाकांच्याही पुढे जातो. प्रत्यक्षासकट कोणतेही प्रमाण स्वतःला सिद्ध करू शकत नाही, असे तो एकेका दर्शनाची व्याख्या घेऊन, ती उलटवून दाखवतो. त्याचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा ग्रंथ शतकानुशतके केवळ उल्लेखांतून माहीत होता. त्याचे हस्तलिखित पाटणच्या भांडारात सापडले आणि पंडित सुखलालजी व रसिकलाल परीख यांच्या संपादनाने ते १९४० मध्ये येथील प्राच्यविद्या मंदिराच्या गायकवाड ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. पाटण त्या वेळी बडोदे संस्थानातच होते. देवाधर्मावर श्रद्धा असलेल्या एका राजाच्या खर्चाने हिंदुस्थानातील सर्वांत कडवा संशयवादी ग्रंथ छापला गेला, याचे आम्हांला अजूनही कौतुक वाटते.

जयराशीचे काय करायचे? काही तरुण सभासद त्याचा निष्कर्ष असा काढतात की, कोणतेच प्रमाण पक्के नसेल तर कोणतेही मत दुसऱ्यापेक्षा चांगले नाही. पण खुद्द जयराशी तेथे जात नाही. तत्त्वे उलथली तरी लोकव्यवहार अबाधित राहतो, हे त्याने आनंदाने मान्य केले आहे. आम्ही त्यातून एवढे घेतो की अढळ पाया मागणे सोडावे आणि हे मत त्या मतापेक्षा कशाने अधिक टिकते, असे विचारावे. साक्षीदार दोन असतील तर दोघांवरही सारखाच संशय घेणे ही तर्कशुद्धता नव्हे. एकाला लाभ होता आणि दुसऱ्याला नव्हता, एकाची हकिकत तीनदा बदलली आणि दुसऱ्याची नाही, हे पाहणे म्हणजे तर्क.

न्यायालयात एखादी गोष्ट ‘सिद्ध झाली’ म्हणजे ती खरी ठरली का?

नाही, आणि कायदा तसा दावाही करत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने सिद्ध, असिद्ध (म्हणजे खोटे ठरलेले) आणि सिद्ध न झालेले असे तीन वर्ग केले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहेत. न्यायालयाला ती गोष्ट अस्तित्वात आहे असे वाटते, किंवा ती इतकी संभाव्य वाटते की त्या परिस्थितीत समंजस माणसाने ती खरी धरूनच पाऊल उचलावे, अशा वेळी ती सिद्ध समजायची. म्हणजे कसोटी कृतीची आहे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने या व्याख्येचा हेवा करावा. जयराशीला तिच्यावर हल्ला करायला फारशी जागा सापडली नसती.

तिसरा वर्ग सर्वांत उपयुक्त आहे. ‘त्याने चोरी केली नाही’ आणि ‘त्याने चोरी केली हे सिद्ध झाले नाही’ ही दोन विधाने आपण रोजच्या बोलण्यात एकच करून टाकतो; एका बाजूचे लोक सुटलेल्या माणसाला निष्कलंक म्हणतात आणि दुसऱ्या बाजूचे न्यायव्यवस्था विकली गेली असे म्हणतात. १८७५ च्या तीन हिंदी सदस्यांच्या मताचेही पुढे असेच दोन्ही बाजूंनी झाले. मुख्य पुरावा होता तो रावजी आणि नरसू या रेसिडेन्सीतल्या नोकरांचा आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांचा, म्हणजे स्वतःच कटात असल्याचे सांगणाऱ्यांचा. अशा साथीदाराच्या साक्षीला महत्त्वाच्या बाबतीत स्वतंत्र दुजोरा मिळेपर्यंत ती अविश्वसनीय मानता येते, असे पुरावा कायदाच सांगत होता. आयोग हे काही न्यायालय नव्हते आणि बडोदे ब्रिटिश मुलूखही नव्हता. पण आप्तवाक्य, म्हणजे भरवशाच्या माणसाचे सांगणे, प्रमाण मानणाऱ्या नैयायिकानेही या तिघांना ‘आप्त’ म्हणण्यापूर्वी दोनदा विचार केला असता.

फौजदारी प्रकरणात वाजवी शंकेपलीकडे पुरावा लागतो आणि दिवाणी दाव्यात संभाव्यतेचे पारडे जिकडे झुकेल तिकडे निकाल जातो, हेही सांगून ठेवणे आवश्यक आहे. त्यामुळे एकाच घटनेबद्दल दोन न्यायालयांचे दोन निष्कर्ष निघू शकतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

बैठकीत वाद कसा घालावा, याचे काही नियम आहेत का?

जुनाच नियम आहे. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे फक्त खोडणे ती वितंडा. पहिल्या प्रकाराला येथे कितीही वेळ मिळतो, दुसऱ्याला थोडा, आणि तिसऱ्याला चहा येईपर्यंत.

कायदा आपण पाळतो तो शिक्षेच्या भीतीनेच ना?

इंग्रज कायदेपंडित ऑस्टिन याने असेच काहीसे म्हटले होते : कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, आणि तिच्यामागे दंडाची धमकी. विसाव्या शतकात हार्ट या दुसऱ्या इंग्रज कायदेपंडिताने त्यातील उणीव दाखवली. बंदूक रोखणाऱ्या लुटारूची आज्ञाही धमकीसह असते, आणि तरीही ती पाळणे आपल्यावर बंधनकारक आहे असे आपण म्हणत नाही; भाग पडले, असे म्हणतो. कायद्याच्या बाबतीत आपण नियमाकडे आतून पाहतो, तो मोडणाऱ्याला दोष देतो आणि स्वतः मोडला तर सबब शोधतो. लाल दिव्याला कोणी पोलीस नसताना थांबणारा माणूस थोडा असेल, पण न थांबणाऱ्याच्या चेहऱ्यावरही आपण काहीतरी मोडत असल्याची जाणीव असते.

बडोदे संस्थानात या प्रश्नाचे दोन प्रयोग एकाच काळात झाले. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. १९०४ मध्ये त्यांनीच बालविवाह प्रतिबंधक कायदा केला, आणि तेथेही दंडच ठेवला होता. पहिला कायदा कुरकुरत का होईना रुजला. दुसऱ्याचा दंड पुष्कळांनी लग्नाच्या खर्चात धरला आणि लग्ने होत राहिली. राजा एक, दंड करणारे अधिकारी एक, प्रजाही एक. फरक पडला तो बहुधा यामुळे की शाळेचा फायदा पाच-सात वर्षांत आपल्याच घरात दिसतो, आणि बालविवाह न करणाऱ्याला मात्र जातीत मुलीसाठी स्थळ मिळणार नाही ही भीती दंडाहून मोठी होती. म्हणजे भीती होतीच, पण ती राजाची नव्हती. कायद्याच्या ताकदीची चर्चा करताना त्याच्या समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या सत्तेचे नाव घ्यायला आपण विसरतो.

तरीही बालविवाहाचा तो कायदा फुकट गेला असे म्हणणे आम्हांला पटत नाही. ज्या मुलीला किंवा ज्या बापाला नाही म्हणायचे होते, त्यांना नाही म्हणण्यासाठी एक आधार त्यातून मिळाला.

अन्यायी कायदा हा कायदा असतो का?

या प्रश्नावर बैठकीत मतभेद आहेत आणि ते मिटण्याचे चिन्ह नाही. जर्मन कायदेतज्ज्ञ राडब्रुख याने नाझी राजवटीनंतर, १९४६ मध्ये, असे मांडले की असह्य कोटीला गेलेला अन्याय कायद्याचे स्वरूपच गमावतो. हार्टचे म्हणणे त्याच्या विरुद्ध : तो कायदा आहे हे मान्य करा आणि तो पाळण्यालायक नाही हेही उघड म्हणा, दोन्ही गोष्टी एका शब्दात कोंबू नका. अमेरिकेतील कायदेपंडित फुलरने १९५८ मध्ये हार्टला उत्तर देताना नियमांच्या अंतर्गत शिस्तीकडे लक्ष वेधले : गुप्त, पूर्वलक्षी किंवा पाळणे अशक्य असलेला नियम हा नियम म्हणूनच फसतो.

आपल्याकडे या चर्चेची कसोटी २८ एप्रिल १९७६ रोजी लागली. आणीबाणीत जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद केली होती. अशा वेळी बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येते का, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने नाही असे उत्तर दिले. विरोधी मत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे होते, आणि पुढल्या वर्षी सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याकडे गेले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद २० आणि जीवित व स्वातंत्र्याचा हक्क देणारा अनुच्छेद २१ हे निलंबनाच्या कक्षेबाहेर काढले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताचा तो निकाल चूक ठरवला.

आता विचार असा करायचा : १९७६ ते १९७८ या काळात कायदा काय होता? चौघांनी सांगितला तो, की एकट्याने सांगितला तो? हार्टचा अनुयायी पहिला म्हणेल आणि तो वाईट होता अशी पुस्ती जोडेल. खन्नांचे मत मात्र याहून सूक्ष्म होते. जगण्याचा हक्क संविधानाने दिला म्हणून अस्तित्वात आला असे नाही, कायद्याचे राज्य असलेल्या कोणत्याही व्यवस्थेत तो आधीपासून गृहीत असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आमच्यातील बहुसंख्य वकील हार्टच्या बाजूला आहेत. प्रस्तुत लेखकाला खन्नांची बाजू पटते, कारण न्यायालयाचे दार कोणासाठीच उघडे नसेल तर उरलेल्या आदेशांना कायदा म्हणण्याचे काय कारण, याचे समाधानकारक उत्तर त्याला अजून मिळालेले नाही.

लोकशाहीत बहुमतालाही हवे ते सगळे करता येत नाही, हे लोकशाहीविरोधी नव्हे का?

केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा मतांनी ठरवले की संसदेला संविधान दुरुस्त करता येते, पण त्याची मूलभूत चौकट मोडता येत नाही. बहुमताची मर्यादा एका मताच्या बहुमताने ठरली, याची गंमत वाटते हे खरे. परंतु आजचे बहुमत उद्याचे अल्पमत होऊ शकले पाहिजे, हीच लोकशाहीची अट असेल, तर ती शक्यता मोडणारा निर्णय बहुमतानेही घेता येणार नाही. मूलभूत चौकटीत नेमके काय काय येते, याची यादी न्यायालयाने वाढवत नेली, ही तक्रार मात्र निराधार नाही.

सयाजीरावांसारखा राजा मिळणार असेल, तर निवडणुकांची कटकट कशाला?

हा प्रश्न बडोद्याबाहेर कोणी विचारत नसेल. येथे तो प्रत्येक वर्षी येतो, आणि तो विचारणारे काका-आजोबा मनापासून विचारतात. ग्रंथालये, शाळा, कॉलेज, सूरसागरासमोरचे न्यायमंदिर, कलाभवन, सयाजीबाग, सगळे समोर आहे. शिवाय मल्हाररावांनंतर सहा वर्षांनी, १८८१ मध्ये, ज्या तरुणाच्या हाती अधिकार आले तो नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावातून दत्तक आणलेला मुलगा होता. निवडणुकीने याहून चांगला माणूस निवडला असता असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पण अगदी याच राजाच्या राज्यात १९१७ मध्ये काय झाले ते पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर दरबारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून, कराराप्रमाणे दरबारच्या नोकरीसाठी येथे आले. नोकरी होती, घर नव्हते. पारशी असल्याचे भासवून ते एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. ओळखीच्या दोघांनी आपापल्या अडचणी सांगून आसरा नाकारला. रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते कमाटीबागेत बसून राहिले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. राजाची कृपा त्यांना न्यूयॉर्कपर्यंत पोहोचवू शकली, पण याच शहरातल्या एका खोलीच्या दारातून आत नेऊ शकली नाही. कृपा वरून येते. बरोबरी शेजाऱ्याकडून मिळवावी लागते आणि त्यासाठी शेजाऱ्यावर चालणारा हक्क हाती असावा लागतो.

दुसरे कारण अधिक रूक्ष आहे. चांगला राजा ही घटना आहे, व्यवस्था नव्हे. सयाजीरावांनी स्वतः धारासभा (कायदेमंडळ) सुरू केली, पण तिचा शेवटचा शब्द त्यांचाच राहिला. आणि ज्या हातांनी मल्हाररावांना काढून सयाजीरावांना आणले, ते हात बडोद्याच्या प्रजेचे नव्हते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातील भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो वाईट नेत्यांपेक्षा थोर नेत्यांच्या बाबतीत अधिक लागू पडतो, कारण भक्ती करावीशी वाटते ती त्यांचीच.

संस्कृत किंवा कायदा येत नसेल तर चालेल का? गुजरातीत बोलले तर?

दोन्ही चालते. बैठकीची भाषा मराठी असली तरी निम्मे सभासद रागावले की गुजरातीत बोलतात, आणि त्याला कोणाची हरकत नसते.

देवाला किंवा नदीला कायद्याने ‘व्यक्ती’ मानणे हास्यास्पद नाही का?

कंपनीला व्यक्ती मानण्यापेक्षा अधिक हास्यास्पद नाही. येथे ‘व्यक्ती’ म्हणजे जिच्या नावावर हक्क आणि जबाबदाऱ्या लावता येतात ती. श्वास घेते का, हा प्रश्न नसतो. आपल्याकडे देवमूर्तीला मालमत्ता धारण करता येते हे जुने तत्त्व आहे. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे त्या काळच्या लंडनमधील शेवटच्या अपील न्यायालयापुढे, कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील भांडण आले, तेव्हा कुलदैवताच्या मूर्तीच्या हिताची बाजू मांडण्यासाठी भांडणाऱ्या भाऊबंदांपैकी कोणाचाही स्वार्थ नसलेला प्रतिनिधी नेमावा, असे सांगण्यात आले. मूर्ती बोलत नाही, म्हणून तिच्या नावाने कोण बोलतो यावर नजर ठेवायची, ही त्यातील मर्मदृष्टी होती.

२० मार्च २०१७ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना असाच दर्जा दिला आणि राज्याच्या मुख्य सचिवांसह काही अधिकाऱ्यांना त्यांचे पालक ठरवले. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीला हा दर्जा मिळावा का, यावर आमच्याकडे अनेकदा बोलणे झाले आहे. बाजूने म्हणावे तर नदीच्या पात्रात भराव घालणाऱ्यावर, एरवी कोणाचेच वैयक्तिक नुकसान दाखवता येत नसताना, नदीच्या वतीने दावा लावता येईल. तिच्यातील मगरींचेही त्यात भले होईल. विरुद्ध बाजूची अडचण वरवर विनोदी वाटते, पण खरी आहे. हक्क असलेल्या व्यक्तीवर जबाबदारीही येते, आणि विश्वामित्री दर काही वर्षांनी शहरात शिरते. पुराने घर बुडाले तर भरपाईचा दावा नदीवर, म्हणजे तिच्या पालक अधिकाऱ्यावर लावायचा का, ही शंका उत्तराखंड सरकारने सर्वोच्च न्यायालयात स्वतःच उपस्थित केली होती.